यजमानच पाहुण्यांच्या गावी

“पाच देशांतून पोरी फिरवते मी! आजवर एक पोरगी हरवली नाही, एक चेंडू हरवला नाही, की कुणाला चुकीच्या गावी नेलं नाही!”

हे वाक्य विदाने आपल्या निकशिच गावातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. बेकरीवाल्याला तर दोनदा. तो बिचारा ‘हो ताई, हो ताई’ म्हणत पाव बांधून द्यायचा.

विदा ही ‘झोरा’ क्लबची प्रशिक्षक. व्यवस्थापकही तीच. जर्सी धुणारी तीच, आणि सामन्याआधी पोरींना कोंबडीचं सूप पाजणारीही तीच. आजूबाजूच्या पाच देशांची मिळून बायकांची एक बास्केटबॉल लीग चालते. त्यात झोरा म्हणजे श्रीमंतांच्या लग्नात आलेली गरीब मावसबहीण. खेळाडू कोण, तर एक नर्स, दोन शाळामास्तरणी, एक केस कापणारी आणि पोस्टाच्या खिडकीत बसणारी मिलियाना. मिलियाना कप्तान. उंची अशी, की पोस्टात ती उभी राहिली तर खिडकीतून फक्त तिचा पट्टा दिसायचा!

या हिवाळ्यात बर्फात अडकून झोराचा एक सामना बुडाला होता. (“त्यात माझी चूक नव्हती, देवाची होती!” इति विदा.) लीगवाल्यांनी दम भरला होता. पुन्हा एकदा गैरहजर राहिलात तर तो सामना वीस-शून्य हरलात असं धरू, वर लीगमधून नाव कापू! नाव कापलं म्हणजे क्लब संपला. मग त्या पोरींनी खेळायचं तरी कुठे? पोस्टाच्या खिडकीत?

आणि नेमका त्याच सुमारास निकशिचच्या हॉलचा पत्रा गळायला लागला.

पुढचा सामना घरी होता, शेजारच्या देशातल्या त्रेबिन्येच्या संघाशी. विदाने त्यांच्या ओब्रेनला फोन लावला. ओब्रेन तिचा जुना मित्र. तरुणपणी दोघं एकाच पंचावर ओरडायचे.

“अरे ओब्रेन, आमच्याकडे हॉलमध्ये बादल्या मांडल्यात. सुतार म्हणतात शनिवारपर्यंत करू, पण सुतारांचं काय खरं! आम्हीच येऊ का तुमच्याकडे?”

“या की! घर तुमचंच आहे!” ओब्रेन म्हणाला.

झालं, ठरलं! विदाने पोरींना सांगितलं, ड्रायव्हर झार्कोला सांगितलं. लीगला कळवायचं काम ओब्रेन करील असं तिने धरून टाकलं. गावात लावलेली सामन्याची पोस्टरं उतरवायची राहिली ती राहिलीच.

दोन दिवसांनी ओब्रेनचा उलटा फोन आला. विदाचे हात कोपरापर्यंत पिठात. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये चिमटीत धरलेला. ओब्रेन म्हणत होता, “विदा, आमच्या हॉलमध्ये शनिवारी वाइनची जत्रा भरतेय, इथे जमणार नाही. तुमचा पत्राही बसला असं ऐकलं. तेव्हा आधी ठरलं होतं तसंच करू.”

यातलं पहिलं सगळं पिठात पडलं. विदाच्या कानात शिरलं ते फक्त शेपूट: “आधी ठरलं होतं तसंच करू.”

“बरं बरं, तसंच!” विदा म्हणाली, आणि कणीक तिंबायला लागली.

शनिवारी दुपारी बस निघाली. झार्कोने मोठा रस्ता सोडून बिलेचा नावाच्या गावावरून वळसा घेतला. का, तर तिथे त्याची मेव्हणी राहते आणि ती चीज फार छान करते. त्यामुळे झालं काय, निकशिचहून निघालेली झोराची बस एका रस्त्याने गेली आणि त्रेबिन्येहून निघालेली पाहुण्यांची बस दुसऱ्या रस्त्याने आली. नाहीतर वाटेतच एकमेकींना हात दाखवून मोकळ्या झाल्या असत्या!

त्रेबिन्येच्या हॉलबाहेर गाड्यांची ही गर्दी! विदाची छाती फुगली. “बघा पोरींनो, आपला खेळ बघायला लोक कसे लोटलेत!”

आत पाऊल टाकलं आणि छाती तिथेच बसली. मैदानभर सतरंज्या. सतरंज्यांवर पिंपं. पिंपांभोवती लाल नाकांची माणसं. आणि ज्या बास्केटमध्ये मिलियाना चेंडू टाकायची, त्या बास्केटला डुकराची अख्खी तंगडी धुरावून टांगलेली!

एक घामेजलेला गृहस्थ धावत आला. “किती उशीर! ट्रे तिकडे आहेत, पोरींनो. पांढरी वाइन डावीकडे, लाल उजवीकडे. आणि हसत वाढा!”

काय होतंय ते कळायच्या आत मिलियानाच्या हातात ट्रे आला. एक म्हातारा तिच्याकडे मान वर करून बघत म्हणाला, “बाळ, जरा वाकून वाढ. दुर्बीण घरी राहिली माझी.”

“मावशी,” मिलियाना दबक्या आवाजात म्हणाली, “आपला सामना इथेच आहे ना?”

“म्हणजे काय! इथेच! एवढ्यात सतरंज्या गुंडाळतील!”

तेवढ्यात फोन वाजला. ओब्रेन.

“विदा, कुठे आहात? आम्ही येऊन बसलो, पंच आले, लोक भरले…”

“भरले खरे, पण सगळे पिऊन तर्र आहेत! आणि तू कुठे दिसत नाहीस?”

“मी? मी या दाराशीच उभा आहे. तुझा बेकरीवाला शेजारी आहे.”

विदाने हॉलभर नजर फिरवली. तंगडी दिसली, पिंपं दिसली. निकशिचचा बेकरीवाला कुठेच दिसेना. आणि मग तिच्या पायाखालची सतरंजी हळूच सरकल्यासारखी झाली.

“ओब्रेन,” ती कशीबशी म्हणाली, “तू माझ्या गावात आहेस?”

“मग कुठे असणार? विदा… तू माझ्या गावात आहेस?”

 ओब्रेन आधी भानावर आला आणि म्हणाला, “पळ, बाई! सहाचा सामना आहे. सहानंतर पाव तास थांबतात, मग संपलं. मारिबोर शहराची पंच आहे, तिच्या घड्याळाला दयामाया नाही. निदान पाच पोरी मैदानात उभ्या कर!”

पोरींनी ट्रे टाकले आणि धावल्या. या वेळी झार्कोला मोठ्याच रस्त्याने हाकायला लावलं.  विदा पुढच्या सीटवर बसून रस्ता डोळ्यांनी ओढत होती. एकजण जरी ‘मावशी, असं कसं झालं?’ म्हणाली असती तरी बरं वाटलं असतं. पण नर्सने तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि नुसती पाठ थोपटली. तेव्हा मात्र विदाला रडूच आलं.

सीमेवर पोचले तर नाक्यासमोर गाड्यांची रांग! शनिवार, त्यात लग्नसराई. झोराची बस पार शेवटी, मारुतीच्या शेपटीच्या टोकाला.

“इथेच सहा वाजतील,” झार्को म्हणाला.

विदा खाली उतरून धावत सुटली. रांगेत अगदी पुढे, नाक्याच्या दांड्याला टेकून एक पांढरी व्हॅन उभी होती. आत तुताऱ्या, ढोल, माणसाएवढा फुंकायचा पितळी भोंगा आणि सहा मिशा. लग्नात वाजवणारे बँडवाले!

“मास्तर!” विदाने स्टिअरिंगवरच्या सगळ्यात मोठ्या मिशीला हात जोडले. “निकशिचला जाताय ना? माझ्या पाच पोरींना आणि मला न्या. तुमची माणसं माझ्या बसमधून, उरलेल्या पोरींबरोबर येतील.”

मिशीचं नाव रादोये. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, आठला लग्नात वाजवायचंय. वाजंत्री नाही आले तर नवरीचा बाप माझी कातडी ढोलाला लावील.”

“आठच्या आत पोचवते! मी शब्दाची पक्की आहे!”

मागून चौघींना घेऊन धापा टाकत आलेली मिलियाना म्हणाली, “मास्तर, मावशीच्या शब्दावर नका जाऊ. आमच्याकडे बघा.”

रादोयेने बघितलं. पाच घामाघूम, रडवेल्या, उंचच उंच पोरी. त्याने सुस्कारा टाकला आणि आपल्या माणसांना म्हणाला, “उतरा रे!”

पाच मिशा उतरल्या, पाच पोरी चढल्या. मोठा भोंगा काही दारातून निघेना, म्हणून तो केस कापणारीच्या मांडीवर तसाच राहिला. विदा ढोलावर बसली. तेवढ्यात शिक्का घेऊन पोलीस खिडकीतून डोकावला आणि तसाच थिजला.

“मगाशी या गाडीत सहा मिशा होत्या. आता एकच दिसतेय!”

“साहेब, सांगते…” विदाने सांगायला सुरुवात केली. पत्रा, पीठ, वाइन, डुकराची तंगडी. जसजशी ती सांगत गेली तसतशी पोलिसाची भुवई वर चढत गेली. शेवटी तिने फोनच लावून त्याच्या पुढे धरला.

“ओब्रेन, साहेबांना सांग बाबा!”

“साहेब, सोडा हो त्यांना!” ओब्रेनचा आवाज आला. “तीनशे माणसं खोळंबलीत इथे!”

“तुम्ही कोण?”

“मी समोरच्या संघाचा. त्रेबिन्येचा.”

पोलीस बुचकळ्यात पडला. “म्हणजे या पोचल्या नाहीत तर तुम्हीच जिंकणार. मग तुम्हाला कसली घाई?”

“अहो, जिंकायचं तर घरी बसूनही जिंकलो असतो! एवढ्या लांब आलोय ते खेळायला!”

पोलिसाने एकेक पासपोर्ट उघडून चेहरे पाहिले, फटाफट शिक्के मारले आणि दांडा वर केला. “जा! आणि त्या भोंग्याला पट्टा बांधा, तोल जातोय त्याचा!”

रादोयेने व्हॅन अशी सोडली, की प्रत्येक वळणावर भोंगा आपोआप हुंकार द्यायचा. फोन चालूच होता. त्यातून निकशिचच्या हॉलमधला सगळा गोंधळ ऐकू येत होता.

सहा वाजून गेले. मारिबोरची पंच घड्याळ बघत असावी, कारण ओब्रेनचा आवाज आला, “बाई, एक मिनिट! आमच्या एका मुलीची डोळ्यातली काच, ती लेन्स हो, पडलीय!”

मग बारा पोरी मैदानावर रांगत काच शोधायला लागल्या. झोराच्या पोरी व्हॅनमध्ये श्वास रोखून ऐकत होत्या.

“सापडली का?” पंचबाई.

“सापडली! पण ही तिची नाही!”

हॉलमध्ये हशा पिकला. पण पंचबाई हसणाऱ्यातली नव्हती. “काच तुमची, संघ त्यांचा. घड्याळ काही काचेसाठी थांबत नाही.”

त्यावर ओब्रेनने माईक घेतला आणि शेजारी देशांच्या मैत्रीवर भाषण ठोकलं. ते इतकं लांबलं, की बेकरीवाल्याने मध्येच उठून टाळ्या वाजवून ते संपवायचा प्रयत्न केला. मदत करणाऱ्याचाच गळा धरतात माणसं!

व्हॅन हॉलच्या दारात करकचून ब्रेक लावून थांबली. पोरी आत घुसल्या. मिलियाना पुढे, मागे तिघी आणि सगळ्यात शेवटी मांडीवरचा भोंगा ठेवायला जागाच न मिळाल्याने तो कवटाळून धावणारी केस कापणारी. पंचबाईने मोजलं: एक, दोन, तीन, चार…

“ते पाचवं काय आहे?”

“खेळाडूच आहे, बाई! वाद्य काढलं की दिसेल!” विदा दारातून ओरडली.

पंचबाईने घड्याळाकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, आणि चेंडू वर उडवला.

तीनशे माणसांनी असा काही आरडाओरडा केला, की नवा पत्रा उडतो की काय असं वाटलं.

पाचच जणी. बदली खेळाडू नाहीत, पोटात सूप नाही. त्रेबिन्येच्या पोरींनी मैत्री भाषणापुरतीच ठेवली होती. मैदानात त्या सटासट गुण लुटत होत्या. मध्यंतरानंतर बस पोचली. बदली पोरी आत शिरल्या, मागोमाग पाच मिशा. भोंगा हातात येताच त्यांनी असा दणका उडवला, की मिलियानाने त्या तालावर लागोपाठ तीन बास्केट मारले. तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते विदाने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

शेवटची शिट्टी झाली आणि दारात नवरीचा बाप उभा! कोट-टायमध्ये, लालबुंद. “माझे वाजंत्री कुठायत?” त्याने मैदानातच वाजणारे वाजंत्री पाहिले. ओरडायला तोंड उघडलं. मग घामाने निथळणाऱ्या दोन संघांच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या दिसल्या, तेव्हा ते तोंड त्याने मिटलं. “बरं, चला सगळेच,” तो म्हणाला. “कोकरू मोठं आहे.”

लग्नाच्या मांडवात विदा उभी राहिली.  “पोरींनो, आज सगळी चूक माझी. देवाची नाही, सुताराची नाही, ओब्रेनचीही नाही. नीट ऐकलं नाही मी. पण तुम्ही खेळलात. लीगमध्ये आपलं नाव राहिलं.”

 मिलियानाने उठून तिला मिठीत घेतलं, म्हणजे विदाचं डोकं तिच्या पोटाशी आलं. ओब्रेनने नाक पुसलं. अगदी पंचबाईही ताटातल्या कोकराकडे एकटक बघत राहिली.

आणि अशा या भरल्या क्षणी झार्को चीजचा तुकडा चघळत म्हणाला, “पण विदा, हरलो आपण एकतीस गुणांनी. पोचलोच नसतो तर वीसच गुणांनी हरलो असतो!”

 विदाने डोळे पुसले, कंबरेवर हात ठेवले.

“तोंड सांभाळ, झार्को! वरचे अकरा गुण माझ्या पोरी घाम गाळून हरल्यात!”