मिस कॉल मार ना, भाऊ

आमचा दलसू अंघोळीलाही मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळून, गळ्यात बांधून न्यायचा. चंद्रपूरच्या हॉस्टेलात तो माझा रूममेट. गाव भामरागडच्या पलीकडे, जंगलात. मोबाइलवर तो ना गेम खेळायचा, ना रील बघायचा. फक्त दर तासाला म्हणायचा, "भाऊ, एक मिस कॉल मार ना. वाजते का पाहू." वाजला की समाधानाने मान हलवायचा. आवाज एवढा मोठा, की खालून मेसवाली बाई ओरडायची, "वाजला रे बाबा, वाजला!"

मी एम.ए.ला मानसशास्त्र घेतलेलं. प्रोजेक्टचा विषय, विद्यार्थ्यांचं मोबाइलचं व्यसन. असा नमुना शेजारच्याच पलंगावर असताना मी कशाला सोडतो! प्रश्नावली भरून घेतली. 'मोबाइल दूर गेल्यास बेचैनी वाटते का?' दलसू म्हणाला, "जीवच जाते." "काऊन रे?" म्हटलं, तर नुसता लाजला. मी निदान ठोकून दिलं: लक्ष वेधून घेण्याची भूक.

मग मला अतिशहाणपणा सुचला. एका सकाळी मोबाइल चार्जिंगला लावून तो खाली नाश्ता आणायला गेला, तेवढ्यात मी मोबाइल सायलेंट करून माझ्या पेटीत टाकला. आल्यावर त्याने गाद्या उलट्या केल्या, बादलीतसुद्धा पाहिलं. मी वहीत टिपत होतो: घाम, बेचैनी.

दलसू मटकन खाली बसला. "भाऊ, बहिणीचे दिवस भरले. पुरानं रस्ता बंद हाय. गावात रेंज नाई. माय टेकडी चढून फोन करते. मी नाई उचलला तं थे कोणाले सांगन?"

मी पेटी उघडली. तीन मिस कॉल.

"काऊन केलं, भाऊ?" एवढंच तो म्हणाला. त्याने फोन लावला, तर बंद. बॅटरी वाचवायला माय मधूनमधून बंद ठेवायची. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला. आवाज मोठा करून अर्धा तास आम्ही दोघं मोबाइलकडे बघत बसलो. प्रश्नावलीत तेव्हा दलसूपेक्षा मलाच जास्त गुण पडले असते.

शेवटी वाजला. माय टेकडीवरच बसून होती.

"पोरगी झाली! दोघीबी चांगल्या हायेत!" दलसू ओरडला आणि मी हुश्श करून पलंगावर आडवा झालो.

मग मायने बहुधा विचारलं, इतका वेळ फोन का उचलला नाही. मी उठून बसलो. दलसू त्यांच्या माडिया बोलीत समजावत होता. मला त्यातले दोनच शब्द कळले, 'क्लास' आणि 'सर'.

त्या दिवशी रविवार होता.