हाकेला ओ

लोकसंगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर सानेल्मा पहिल्यांदाच गाणार होती, आणि तिची आजी पहिल्यांदाच तिला ऐकायला आली होती. यातली दुसरी गोष्ट जास्त घाबरवणारी होती.

गाईंना कुरणातून घरी बोलावण्याची उंच, लांब हाक सानेल्मानं आजीकडूनच उचलली होती. त्या हाकेवर तिनं बारा मिनिटांची नवी रचना बांधली होती. साथीला ओइवा आपलं योउहिक्को वाजवायचा; त्या वाद्याला तारांऐवजी घोड्याचे केस. हेलसिंकीत रचना गाजली. हिल्या आजीचं मत मात्र जागचं हललं नव्हतं.

"हाक गाईंसाठी असते," मंचामागे थर्मासमधली कॉफी ओतत आजी म्हणाली. "ही माणसं ऐकून करतात काय गं?"

"टाळ्या वाजवतात, आजी."

"गोठ्यात नाही ना जात? मग हाक फुकटच गेली."

मंच ताइस्तो या शेतकऱ्याच्या शेतात होता. शेजारच्या कुरणात त्याच्या चाळीस गाई होत्या. दुपारपासून ध्वनिक्षेपकांतून सेकंदाला एक अशी टकटक ऐकू येत होती. शोधता शोधता तिचं मूळ कुरणाच्या विजेच्या कुंपणात सापडलं.

"कार्यक्रमापुरतं बंद ठेवता येईल का?" आयोजकांनी विचारलं.

ताइस्तोनं बराच विचार केला. "ठेवतो. गाईंना कोण सांगणार आहे?"

"आणि माझ्या हाकेनं आल्या तर?" सानेल्मानं हसत विचारलं.

"छे! त्यांना जन्मात कुणी हाक मारलेली नाही. दूध यंत्र काढतं. आचळं भरली की त्या आपल्या आपण गोठ्यात जातात."

संध्याकाळचे सात वाजले होते. ऊन अजून बर्चच्या झाडांच्या शेंड्यांवर होतं. सानेल्मानं पहिली हाक दिली, ती शेतावरून, ओढ्यावरून गेली आणि काळ्या जंगलावर आपटून परत आली. तिसऱ्या हाकेला कुरणातल्या एका गाईनं मान वर केली. चौथ्या हाकेला ती बंद कुंपणाची तार ओलांडून निघाली. तिच्यामागे बाकीच्या, एकीमागे एक.

सहाशे माणसांत कुणी ओरडलं नाही. लोकांनी खुर्च्या सरकवून वाट करून दिली. एका म्हाताऱ्यानं आपला कप उचलून घेतला आणि गाईलाच "माफ करा" म्हटलं. नव्या धर्तीचं संगीत आहे, त्यात गाई असणारच, असं सगळे धरून चालले. गाई मंचापुढे अर्धवर्तुळ करून उभ्या राहिल्या. कान पुढे, रवंथ बंद.

बारा मिनिटं संपली. ती थांबली, तशा चाळीसही गाई एक पाऊल पुढे आल्या. पुढे ध्वनिक्षेपकांच्या जाड वायरी होत्या. तिनं घाईघाईनं पुन्हा हाक दिली. गाई जागच्या जागी थिजल्या.

"आता काय?" ओइवा कुजबुजला.

"वाजवत राहा. ताइस्तो येईल."

ताइस्तो आलाच होता. टोपी हातात घेऊन तो सगळ्यात मागे उभा होता. चालू गाण्यात मध्ये पडायचं नाही, एवढी रीत त्याला लहानपणापासून ठाऊक होती. गाणं संपलं की गाई न्यायच्या, म्हणून तो थांबला होता. तो गाई नेईल, मग गाणं संपवायचं, म्हणून सानेल्मा गात होती. त्याच्या खिशातला फोन मिनिटामिनिटाला थरथरत होता. अमुक नंबरची गाय दूध द्यायला आली नाही, अशी यंत्राची तक्रार.

पाऊण तासानं ओइवाच्या योउहिक्कोचा केस तुटला, तशी सानेल्माही थांबली; गाई आणखी एक पाऊल पुढे येऊन वायरींशी थबकल्या. त्या शांततेत ताइस्तो मंचाशी आला.

"संपलं का?"

"केव्हाचं!" सानेल्मा म्हणाली.

"असं होय. मला वाटलं, अजून आहे." त्यानं टोपी घातली. "मग नेतो गाई. तशी घाई नाही."

त्यानं टाळ्या वाजवल्या, शीळ घातली, पहिल्या गाईला पाठीवर थोपटलं. एकही हलली नाही. सगळ्या सानेल्माकडे बघत होत्या.

"तूच चल बाई," ताइस्तो ओशाळून म्हणाला.

मग रेशमी झगा गुडघ्यापर्यंत उचलून सानेल्मा हाका देत निघाली. तिच्यामागे गाई, गाईंमागे सहाशे श्रोते, दर दोघांत हातभर अंतर ठेवून, गप्प. धुकं गाईंच्या पोटापर्यंत आलं होतं; नुसत्या पाठी तरंगत चालल्यासारख्या दिसत होत्या. ओइवाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते डासांमुळे, असं त्यानं सांगितलं.

गोठ्याशी हिल्या आजी बादलीवर बसलेली होती. कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून ती आधीच पोचली होती. गळ्यातला पट्टा ओळखून आपोआप उघडणारं दार एकेका गाईला आत घेत होतं. ताइस्तो मोजत होता. "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस." त्यानं सुस्कारा सोडला, आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला.

दारासमोर आणखी एक उभी होती. गळ्यात पट्टा नसल्यानं दार उघडत नव्हतं. ती घोड्याहून उंच होती, लांब नाकाची, काटकुळ्या पायांची. जंगलातली रानटी मूस हरणी. सानेल्माकडे बघत ती शांतपणे आपल्या पाळीची वाट पाहत होती.

बऱ्याच वेळानं हरणी वळली, ओढा एका ढांगेत ओलांडून जंगलात गेली.

सानेल्मानं आजीकडे पाहिलं. घसा इतका बसला होता की प्रश्न नुसता ओठांवरच हलला.

आजी बादलीवरून सावकाश उठली.

"शेवटची तान जरा आखूड घेत जा," ती म्हणाली. "गाई काही इतक्या लांब चरत नसतात."