करीमचाचांचं लेवांतादो

आमच्या केडगावात रमजानच्या पहाटे करीमचाचा लोकांना रोजाआधीच्या सहरीच्या जेवणासाठी उठवत, ते स्पॅनिशमध्ये. दारावर काठी आपटून विचारत, "देस्पेर्तादो?" म्हणजे जाग आली का. आतून होकार आला की पुढचा प्रश्न, "लेवांतादो?" म्हणजे अंथरूण सोडलं का. नुसत्या जाग्या झालेल्या माणसावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. मालबोटीवर कोळसा ओढताना एमिलिओ नावाच्या स्पॅनिश सोबत्याकडून त्यांनी हे दोन शब्द उचलले होते. लढाईत बोट बुडाली, आणि चाचा तेवढंच सामान घेऊन गावी परतले.

माणसं पांघरुणातूनच "लेवांतादो" ओरडायची. चाचा हलत नसत. दोन्ही पाय उंबऱ्याबाहेर आणि तोंडावर कंदिलाचा उजेड, तेव्हा कुठे पुढचं दार. आम्ही पडलो हिंदू, आम्हाला कसला रोजा? पण आमचीही सुटका नव्हती. मी कुरकुरलो तर म्हणाले, "रोजा तुमचा नसंल, सकाळ तर तुमचीच हाय ना?" बेचाळीस साली आमचे खादीवाले मामा मुक्कामाला होते. काठी ऐकून त्यांना वाटलं, पोलीसच आले. मागच्या दाराने पळाले ते दुपारी परतले. चाचा मात्र त्यांच्यावर बेहद्द खूश.

एकदा मी चिडून विचारलं, झोपलेल्या माणसाशी तुमचं एवढं कसलं वैर? चाचांनी कंदील खाली ठेवला.

"एमिलिओ माझ्यानंतरच्या पाळीला हुता," ते म्हणाले. "मी उठवलं, तो देस्पेर्तादो म्हनला. उभा राहीस्तवर थांबायची रीत हुती. मी दमलो हुतो, वर हवा खायला गेलो. तेवढ्यात बोट फुटली."

त्यानंतर काठी वाजायच्या आत मी दारात उभा असे.

पुढच्या रमजानात एका पहाटे काठी वाजलीच नाही. मी त्यांच्या खोलीत गेलो. चाचा तापाने फणफणले होते, पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. जवळ जाऊन विचारलं, "देस्पेर्तादो?"

"देस्पेर्तादो," ते पुटपुटले. "जा तुमी, लोकान्ला उठवा. मी हाय जागा."

मी खाटेशी बसून राहिलो. गल्लीची सहरी चुकली, उजाडलं, एकेक जण चाचांच्या दारात येऊन उभा राहिला. चाचांचा हात माझ्या हातात होता. तो गार पडला, तरी मला उठवेना.