वरची एक वीत

आमच्या सोसायटीत कुणी खड्डा खणायला घेतला की सबनीस काका दोन ताडपत्र्या घेऊन खाली येतात. एक वरच्या मातीला, दुसरी खालच्या. मग खड्ड्याच्या कडेला स्वतःची वीत लावून कामगाराला बजावतात, "वरची एक वीत वेगळी! बाकी काय हवा तो गोंधळ घाला."

परवा ड्रेनेजचा पाइप फुटला. अख्खी बी विंग नाकाला रुमाल लावून उभी, आणि काका ढीग वेगळे करतायत. मी सोसायटीचा सेक्रेटरी. हात जोडून म्हणालो, "काका, आधी पाइप!"

"पाइप दुकानात मिळतो. ही माती कुठल्या दुकानात मिळते, सांग!"

काकांनी जन्मभर खडी-वाळूच्या खाणींचे आराखडे केले. कुठून खणायचं, किती खोल जायचं आणि दगड संपल्यावर तिथे पुन्हा शेत कसं करायचं, हे सगळं पहिली कुदळ पडायच्या आधी कागदावर. निवृत्त झाले, पण सवय सुटली नाही. काकूंची तुळस नव्या कुंडीत लावायची तरी वरची माती आधी परातीत. त्याच परातीत काकू कणीक मळतात, त्यामुळे तुळशीचं हे काम भांडणाशिवाय कधी पार पडलेलं नाही.

दर रविवारी मात्र काका सकाळीच स्कूटर काढून चामटोली गावाला जात. आमच्या अंबरनाथ पूर्वेला एवढी बातमी पुरते. "तिकडे कुणीतरी आहे," असं एकीने काकूंच्या कानावर घातलं. काकू म्हणाल्या, "आहे ना. ठेंगणी आहे, लांबलचक आहे, आणि फार लाडकी आहे." शेवटी चौकशीसाठी, म्हणजे सोबतीसाठी, मीच एकदा मागे बसलो.

ती निघाली मातीची रास. बंद पडत आलेल्या खाणीच्या कडेने कमरेएवढी, वर तागाची हिरवीगार रोपं. "ढीग उंच केला की आतली माती मरते," काका म्हणाले. "म्हणून ठेंगणा. आणि ताग जिवंत ठेवतो." खाणीत गेलेल्या शेताची ही वरची वीत, आणि ते शेत हिराबाईंचं. खाणीला जमीन देताना म्हातारीने काकांना एकच विचारलं होतं, "माजी माती मना परत मिलंल ना?" काका हो म्हणाले होते.

आणि त्या दिवशी राशीपुढे जेसीबी उभा. नव्या ठेकेदाराने ती माती चिखलोलीतल्या एका कॉम्प्लेक्सच्या बागेला विकून टाकली होती. काकांनी स्कूटरला बांधलेली घडीची खुर्ची काढली आणि जेसीबीसमोर मांडून बसले.

"अंकल, साइड में बैठो ना, टाइम खोटी हो रहा है," ड्रायव्हर कळवळला.

काकांनी ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही रिटायर झालात ना?"

"मी झालो. प्लॅन नाही झाला. त्यावर तुमच्याच मालकांची सही आहे. घेऊन येऊ का तहसील ऑफिसात?"

तेवढ्यात हिराबाई दोन सुनांना घेऊन आल्या आणि काकांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. पार्किंग सोडून कशासाठीही न भांडलेला मी, मीही बसलो. दुपारी ड्रायव्हरने हिराबाईंची भाकरी खाल्ली. त्यानंतर त्याचा हात काही यंत्राला लागेना. चार वाजता ठेकेदाराचा फोन आला आणि जेसीबी रिकामा परत गेला.

उन्हाळ्यात खाणीच्या उथळ भागात भराव घालून वर ती माती पसरली. यंदा थंडीत हिराबाईंनी तिथे वाल पेरले आणि आम्हाला जेवायला बोलावलं. सगळे शेतात गेले. काका बांधावरच उभे.

"या ना सायेब आत."

"नको, हिराबाई." काकांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "हे शेत मोडायच्या आखणीची पहिली खुंटी मीच ठोकली होती. ही काय, अजून आहे."

लाल डोक्याची जुनी खुंटी खरंच बांधात होती. हिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"मंग ती उपटाला तरी या."

काकांनी दोन्ही हातांनी खुंटी उपटली. बांधात मुठीएवढं भोक राहिलं. ते गुडघ्यांवर बसले, बोटांनी आजूबाजूची वरची माती अलगद बाजूला केली, खाली मुरूम भरला, मग ती माती वर पसरून तळव्याने थोपटली. हिराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं भान त्यांना नव्हतं.

मग त्यांनी चपला बांधावर काढून ठेवल्या आणि शेतात पाऊल टाकलं.