खोली वजा करा

आमच्या शेजारचे मेश्रामसाहेब दार उघडतात तेव्हा आधी माणसाकडे बघत नाहीत. आधी मान वळवून भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघतात, मग आलेल्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात, आणि मग "या" म्हणायचं की "जरा वेळानं या" म्हणायचं ते ठरवतात. माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा मला वाटलं, साडीला काहीतरी लागलंय. ते मला वॅटमध्ये मोजत होते.

"बसलेला माणूस म्हणजे शंभरचा बल्ब असतो, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही जिना चढून आलात, लिफ्ट बंद आहे ना. आत्ता चांगल्याच तापलेल्या आहात. थोडं बाहेर थांबा, निवा, मग आत या."

मी पातोड्यांचा डबा घेऊन दाराबाहेर निवत उभी राहिले. आम्ही नव्यानंच राहायला आलो होतो, आणि द्वारकेच्या त्या अख्ख्या सोसायटीत मराठी घरं दोनच, एक आमचं आणि एक त्यांचं. आम्ही वर्धेकडचे, ते भंडाऱ्याचे. रोज सकाळी लिफ्टपाशी "जय भीम वहिनी", "जय भीम साहेब" एवढंच व्हायचं, आणि मी मेट्रो पकडून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या माझ्या ऑफिसात जायची. म्हटलं ओळख वाढवावी. तर हे असं.

साहेबांनी अर्धं आयुष्य एका सरकारी प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासण्यात घालवलं. लग्न केलं नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घरात कूलर तपासायला लागले. दिल्लीत कूलर म्हटलं की लोकांना खिडकीतला वाळ्याचा कूलर आठवतो, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात निम्मी सोसायटी आपापले गळके कूलर घेऊन त्यांच्या दारात आली होती. साहेबांचे कूलर वेगळे. कॉम्प्युटरचा मेंदू काम करताना भयंकर तापतो, तो जळू नये म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा बसवतात, तो हा कूलर. नेहरू प्लेसचे दुकानदार आणि इंटरनेटवर अशा वस्तूंबद्दल लिहिणारे लोक त्यांच्याकडे खोकी पाठवतात, आणि कुठला कूलर किती पाण्यात आहे ते साहेब सांगतात.

तपासायची रीत ऐकायला सोपी आहे. खऱ्या मेंदूच्या जागी विजेवर तापणारा तांब्याचा ठोकळा. त्यावर, उष्णता नीट पोचावी म्हणून, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. त्यावर कूलर, सगळे स्क्रू सारखे आवळलेले. प्रत्येक पंख्याचा वेग असा लावायचा की आवाज सगळ्यांचा सारखा येईल, म्हणजे ओरडून जिंकता येणार नाही. शेजारी आवाज मोजणारं मीटर सतत चालू. मग ठोकळ्याच्या तापमानाचा आकडा स्थिर होईपर्यंत गप्प बसायचं. आणि जो आकडा येईल त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं.

"जूनमधली दिल्ली आणि जानेवारीतली दिल्ली ही काय एक दिल्ली आहे?" ते विचारायचे. "कूलर बिचारा तोच. खोली वजा करा. उरेल ते त्याचं स्वतःचं."

हे "खोली वजा करा" त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते कुठेही निघायचं. सोसायटीचे सेक्रेटरी मल्होत्राजी एकदा लिफ्टमध्ये आपल्या मुलाचं कौतुक सांगत होते, गुडगावला एवढ्याशा वयात मॅनेजर झाला म्हणून. साहेबांनी शांतपणे विचारलं, "ससुरजी की ही कंपनी है ना? तो कमरा माइनस कर दीजिए।" मल्होत्राजींना काही कळलं नाही. पण आपला अपमान झालाय हे कळलं, आणि ते त्यांनी लक्षात ठेवलं.

तर निवून झाल्यावर मला आत घेतलं. हिवाळ्याची दुपार होती, बाहेर ते आमचं राखाडी धुकं, आणि आत त्याहून अंधार. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या, पडदे ओढलेले, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून जमिनीवर जाड सतरंजी. टेबलावर ते यंत्र घुमत होतं. आणि टेबलाच्या अगदी बाजूला, आमच्याकडे पाठ करून, खुर्चीत एक बाई बसली होती. डोक्यावरून पांढरी शाल घेतलेली. शालीच्या आतून मंद केशरी उजेड झिरपत होता. मी मनाशी म्हटलं, समोर शेगडी ठेवली असेल, म्हाताऱ्या माणसाला थंडी सोसत नाही.

मी वाकून "नमस्कार आजी" म्हणाले. त्या वळल्या नाहीत. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मीटरकडे खूण केली. मी बसून राहिले. बराच वेळ त्या बाईंची मान हलली नाही, हात हलला नाही. शालीचा काठ तेवढा सावकाश वर उचलला जायचा आणि खाली यायचा. मला बरं वाटलं, श्वास चालू होता म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मल्होत्राजी खाली भेटले. मी सहज म्हटलं, मेश्रामसाहेबांच्या आई किती शांत आहेत हो.

मल्होत्राजी माझ्याकडे बघतच राहिले. "भाभीजी, माताजी तो कब की गुज़र गईं। कंधा मैंने खुद दिया था।"

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरात ते चालतच नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या दारावरून जरा भरभर चालायला लागले हे खरं. मग एकेक कानावर यायला लागलं. समोरच्या इमारतीतून त्यांच्या पडद्यामागे बसलेली सावली दिसते. कामवाल्या मुन्नीनं त्यांचं घर सोडलं, कारण तिनं झाडताना ती खुर्ची सरकवायला हात लावला आणि खुर्ची गरम होती. आणि मला आठवलं, साहेबांनी एकदा लिफ्टपाशी मला थांबवून करोल बागेतून जुने पिवळे बल्ब आणायला सांगितले होते, साठचे. मी म्हटलं होतं, साहेब, एलईडी घ्या, वीज वाचते. तर म्हणाले, "थंड बल्ब नको वहिनी. तिला तो लागू पडत नाही." मी तेव्हा हसले होते. आता ते "तिला" राहून राहून आठवायचं.

मग एका रविवारी दुपारी पॅसेजमध्ये लोकर जळल्याचा वास आला. त्यांच्या दारापाशी येत होता. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. झोपेतून उठून आलेल्या साहेबांनी उघडलं, सवयीनं थर्मामीटरकडे बघायला वळले, तेवढ्यात मी त्यांना ढकलून आत घुसले. पांढऱ्या शालीतून धूर निघत होता. भूत असो की बाई असो, जळत होती. मी शाल ओढली.

आत तारेचा पिंजरा होता. पिंजऱ्यात एक उशी उभी केलेली, आणि तिच्यापुढे, माणसाच्या छातीच्या उंचीवर, साठचा पिवळा बल्ब. गरम हवा वर जायची आणि शालीचा काठ उचलायची. तो श्वास.

मी खाली सतरंजीवर बसले. हसू की रडू, मला ठरवता येईना. साहेबांनी शाल पायानं विझवली, तिची घडी घातली आणि माझ्यासमोर बसून पहिल्यांदाच सविस्तर बोलले.

आई भंडाऱ्याहून आली ती याच खोलीत बसायची. हिंदी येत नव्हती. खाली बाकावर बायकांमध्ये जाऊन बसली तर त्या "माताजी" म्हणून हसायच्या आणि पुन्हा आपसात बोलायला लागायच्या. म्हणून ती मुलाच्या टेबलाशी बसे, कारण घरातला बोलणारा माणूस तिथे होता. आणि तो माणूस ओठांवर बोट ठेवून बसलेला. बोललं की मीटर हलायचं.

"मध्येच हळूच विचारायची, 'झालं काय रे बाबू?' मी हात वर करायचो, थांब. सगळं संपलं की म्हणायचो, हां आई, बोल. तर म्हणायची, 'विसरली मी.'"

ती गेली. पुन्हा कामाला लागल्यावर साहेबांनी नेहमीप्रमाणे आधी त्यांचा जुना, पहिला कूलर लावला. प्रत्येक तपासणीची सुरुवात ते त्याच्यापासून करतात, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच कळतं. आकडा नेहमीपेक्षा कमी, म्हणजे बरा आला. कूलर अचानक चांगला झाला होता. साहेबांनी पेस्ट पुसली, परत लावली, स्क्रू परत आवळले, थर्मामीटर बदललं. आकडा तोच. मग त्यांचं लक्ष रिकाम्या खुर्चीकडे गेलं. कूलर हवा ओढायचा त्या तोंडाशीच ती खुर्ची होती.

"थर्मामीटर त्या भिंतीवर, वहिनी. इतक्या लांबून त्याला आई कधी दिसलीच नाही. खोली वजा झाली, पण आई राहून गेली. तिच्या अंगाची ऊब इतकी वर्षं मी कूलरची खराबी म्हणून धरत होतो."

जुने सगळे आकडे तिच्यासकट होते. नव्या कूलरची त्यांच्याशी तुलना करायची तर खुर्चीत तेवढीच ऊब हवी. बारीक बाई, साठचा बल्ब.

मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, "अहो, मग जुन्या आकड्यांतून तेवढं वजा करून टाका ना. एकदाच. बिल्कुल सोपं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. "करता येईल," म्हणाले. "गणित सोपंच आहे." आणि जळक्या शालीची घडी हातानं सारखी करत राहिले. मला माझाच राग आला.

मल्होत्राजींनी मात्र लिफ्टमधला अपमान जपून ठेवला होता. त्यांनी येऊन पिंजरा पाहिला, जळकी शाल पाहिली, आणि सगळ्यांदेखत बल्ब काढायला लावला. चुकलं काही नाही त्यांचं, सगळी इमारत पेटली असती. साहेबांनी बल्ब काढून हातात धरला तो गार होईपर्यंत खाली ठेवला नाही. त्यानंतर तपासणी बंद. खोकी दाराबाहेर साचायला लागली. लिफ्टपाशी "जय भीम" म्हणायचे, पण समोरच्या माणसाला मोजायचे नाहीत. ते मला भुतापेक्षा जास्त भीतिदायक वाटायला लागलं. हा माणूस असाच विझून जाईल, असं मनात यायचं.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई आर्वीहून आल्या होत्या. दिवसभर घरात एकट्या. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला उत्तरं द्यायच्या, आणि दुपारी मला ऑफिसात फोन करून "जेवली काय?" विचारून झालं तरी फोन ठेवायच्या नाहीत. एका शनिवारी त्यांच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं, माझ्या घरात एक साठ वॅटची बाई रिकामी बसलेली आहे.

"माणसाचा भरवसा नसतो, वहिनी," साहेब म्हणाले. "माणूस हलतो." पण सासूबाई माझ्या मागे दारातच उभ्या होत्या. साहेबांनी थर्मामीटरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, वरपासून खालपर्यंत. किती तरी दिवसांनी पाहिलं. "या," म्हणाले.

सासूबाई त्या खुर्चीत बसल्या आणि लगेच अर्ध्या उठल्या. "आत्ता कोन उठून गेलं इथून?" त्यांनी विचारलं. "खुर्ची कोमट हाये."

बल्ब काढून पंधरवडा होऊन गेला होता. खोलीत आम्ही तिघंच. मी साहेबांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघत होते. त्याला नेहमीसारखंच काही दिसत नव्हतं. 

"बसा मावशी," ते हळूच म्हणाले.

जुना कूलर लावला. यंत्र घुमायला लागलं. साहेबांनी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं आणि सासूबाई शहाण्या मुलीसारख्या गप्प बसल्या. केवढा वेळ! घरी एवढ्या कधी गप्प बसत नाहीत. मग त्यांनी मान थोडी वाकडी केली आणि कुजबुजत विचारलं, "झालं काय रे बाबू?"

त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या असंच विचारतात. साहेबांचा हात सवयीनं वर गेला आणि तिथेच थांबला. मग तो हात मीटरकडे गेला आणि त्यांनी मीटर बंद केलं. मीटर बंद म्हणजे पंख्याच्या आवाजाची खात्री नाही, म्हणजे आजचा सगळा खटाटोप वाया. मलाही आता एवढं कळत होतं.

"बोला मावशी," ते म्हणाले. "आज आवाज मोजायचा नाही."

सासूबाईंना एवढं पुरे होतं. त्यांनी आर्वीच्या शाळेत शिरलेल्या म्हशीची गोष्ट काढली, आमच्या घरात सगळ्यांना पाठ असलेली. हेडमास्तर टेबलावर चढले, मुलं खिडकीतून पळाली, आणि तेवढ्यात त्यांना हेडमास्तरांच्या बायकोचं माहेर आठवलं, तिथून त्या कुणाच्या तरी लग्नात गेल्या. टेबलावरच्या स्क्रीनवर आकडा स्थिर झालेला मला दिसला. शेजारच्या उघड्या वहीत होता तो जुनाच आकडा, आईच्या वेळचा. साहेबांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांची स्क्रीनकडे पाठ होती. खुर्ची ओढून ते सासूबाईंच्या समोर बसले होते.

सासूबाई अडखळल्या. इकडेतिकडे बघितलं. "काय सांगत होती मी?" म्हणाल्या. "विसरली पाहा मी."

"म्हैस वर्गात आली होती मावशी," मेश्रामसाहेब म्हणाले. "मास्तर टेबलावर होते. मग?"