नाडी बहात्तर

टुक. टुक. टुक.

दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज होता. एरवी या घरात फ्रिज घुरघुरतो, काही ना काही चालू असतं. आज सगळं दातखीळ बसल्यासारखं गप्प होतं. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ती युनिफॉर्मची उसवलेली बाही शिवत होती आणि आतल्या खोलीतल्या प्रत्येक टुकेला मनात म्हणत होती, बाबा आहेत. आहेत. आहेत.

बाबा म्हणजे तिचे सासरे. हृदयाच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. जिन्याचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती स्वतः नर्स. तिची रजा आज संपत होती. नवऱ्याने तोड म्हणून बॅटरीवरचं एक यंत्र आणलं होतं. बोटाला चिमटा लावायचा, यंत्र टुकटुक करत नाडी दाखवणार. उद्यापासून शेजारच्या काकू जवळ बसणार आणि यंत्र कोकललं की फोन करणार. आज त्याची रंगीत तालीम होती. यंत्र नापास झालं, तर तिची नोकरी गेली.

बाबांचा मात्र यंत्रावर देवासारखा विश्वास. चौतीस वर्षं त्यांनी घरोघर विजेची मीटरं वाचली होती. लोक भांडायचे, "घराला महिनाभर कुलूप होतं, मग आकडा आला कुठून?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "मीटर खोटं बोलत नाही."

सकाळी त्यांचं बोट गार पडलं आणि यंत्रावर आकड्याऐवजी नुसत्या रेघा आल्या. बाबांनी छातीवर हात जोडले, डोळे मिटले.

"सिस्टरबाई, मुलाला बोलावून घे. मीटर थांबलं."

"अहो बाबा, तुम्ही बोलताय की!"

"बोलणारे पुष्कळ असतात. आकडा कुठाय?"

तिने बोट चोळून गरम केलं. बहात्तर आले, तेव्हा कुठे त्यांनी चहा मागितला. पण चहा पिताना ते यंत्राकडे अशा नजरेने बघत होते, जशी पूर्वी मीटरच्या फुटलेल्या सीलकडे बघत असतील.

टुक. टुक.

शिवता शिवता तिची सुई थांबली. गेला अर्धा तास बाबा एकदाही खोकले नव्हते. तिची पाच वर्षांची लेक चिमणी त्यांच्या खोलीत खेळत होती, तिचाही आवाज नव्हता. आणि ती टुक! जित्या माणसाची नाडी जराशी मागेपुढे होते. ही मात्र गळक्या नळासारखी अगदी मापात पडत होती. ती शिवण टाकून उठली. 'आधी माणूस बघ, मग मशीन,' असं थोरल्या सिस्टर वॉर्डात नव्या मुलींना दटावायच्या. पुढे तीही दटावायला लागली होती. आणि आज घरच्या माणसाला ती अर्धा तास नुसती ऐकत बसली होती.

खोलीत चादर उशीपर्यंत ओढलेली होती. यंत्रावर नाडी बहात्तर.

"बाबा?"

चादरीखालचं अंग केवढंसं झालं होतं. तिने चादर ओढली. आत चिमणीची बाहुली, डोळे टक्क उघडे. तिचा अख्खा हात चिमट्यात.

टुक.

बाहेरचं दार अर्धवट उघडं होतं. ती अनवाणीच जिना उतरली. खाली मीटरच्या पेट्यांपाशी, शेवटच्या पायरीवर, बाबा भिंतीला टेकून बसले होते. शेजारी चिमणी टॉर्च धरून उभी.

"बाबा! जिना उतरलात?"

"हळू बोल. चाचणी चालू आहे."

"कसली चाचणी?"

"मीटरचा संशय आला की घरातलं सगळं बंद करायचं. तरी चकती फिरली, तर मीटर लबाड. म्हणून चिमटा बाहुलीला लावला. बहात्तर! म्हटलं, भिंतीतली वीज पाझरत असेल, म्हणून खाली येऊन घराचा मेन स्विच ओढला."

"आणि हाक का नाही मारलीत?"

"तू ओरडशील म्हणून," चिमणीने सांगून टाकलं. "आजोबांना वर चढायची भीती वाटतेय."

बाबांचा आवाज उतरला. "किती लोकांना मी खोटं पाडलं असेन गं. आणि आता मी जिवंत आहे की नाही, हे तरी कोणाला विचारू?"

ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली. त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळाच्या काट्याबरोबर पुरतं एक मिनिट मोजत राहिली.

"अठ्ठ्याऐंशी. जिना उतरलात त्याची. पण ठणठणीत."

"तुझी बोटं खोटं नाही ना बोलत?"

"नाही. नुसती रागावतात."

एकेका पायरीवर टेकत तिघं वर निघाली. बाबांची धास्ती जावी म्हणून ती समजावत होती, "अहो, वर पंखा फिरतो. खिडकीतला उजेड पात्यांनी कापला जातो. तो लुकलुकता उजेड चिमट्यात शिरला की यंत्राला वाटतं, नाडीच आहे. उद्या काकूंना मनगट धरायला शिकवते. यंत्र राहू दे सोबतीला."

बाबा कितीतरी वेळाने हसले. "म्हणजे पंख्याचं बिल बाहुलीच्या नावावर पडलं म्हण की!"

खोलीत यंत्र तसंच चालू होतं. टुक. टुक. चिमणी पलंगावर चढली. तिने बाहुलीकडे पाहिलं, मग मान वर करून छताकडे पाहिलं.

"आई, आजोबांनी मेन ओढलाय ना? पंखा तर केव्हाचा बंद आहे."

बाबांनी सुनेचा हात घट्ट धरला. आता दोघांचीही नाडी धावत होती.

"सांग ना आई, मग आकडा आला कुठून?"