पानसेकाकांचा पिवळा मोगरा

पानसेकाकांनी एकदा मला त्यांच्या दारातच अडवलं आणि शर्ट बदलून यायला सांगितलं. शर्ट केशरी होता.

"अहो, तुमचा रंग भिंतीवर पडतो, भिंतीवरून चित्रावर. काळा घालून या."

काका कोथरूडच्या आमच्या सोसायटीत समोरच्या इमारतीत राहतात. निवृत्त मास्तर, उभा जन्म परीक्षेतल्या कॉप्या पकडण्यात गेला. त्यामुळे लिफ्ट दुरुस्त झाली म्हटलं, तरी "पुरावा?" मी गुड मॉर्निंग म्हटलं की आधी घड्याळ बघणार.

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्या चित्रं काढायच्या. ती चित्रं नेटवर टाकता यावीत म्हणून काका त्यांचे फोटो काढू लागले आणि संशय रंगांवर गेला. ट्यूबलाइट हिरवट थापा मारते, ऊन लबाड आहे, आणि फोन तर अट्टल चोर. "सगळं परस्पर उजळ करतो. याला विचारलंय कोणी?" माझ्या गॅलरीतला लाल पडदाही संशयित होता. रोज फोटोच्या वेळी, दहा ते अकरा, तो काढावा, अशी चिठ्ठी आली होती. मी काढला नव्हता. हा माणूस आमच्या घरात डोकावतो, असा माझाही संशय होताच.

काळा शर्ट घालून फोटोच्या मदतीला गेलो. खिडकीशी मोगऱ्याचं चित्र, शेजारी तुलनेला कोरा कागद. फोटोत फुलं पिवळी येत होती. मी त्यांचा फोन घेऊन रंगाची पट्टी सरकवली आणि मोगरा पांढराशुभ्र केला.

"घ्या. झालं बरोबर."

"परत पिवळा करा."

"काका, मोगरा पांढरा असतो."

"मीही तिला हेच सांगायचो." ते खुर्चीत बसले. "ती म्हणायची, पांढराच लावलाय. मी म्हणायचो, पुरावा? दोन महिने छळलं तिला. मग डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे. पांढरा न् फिका पिवळा तिला सारखेच दिसत होते हो. खरंच बोलत होती ती."

मला फार वाईट वाटलं. मी पट्टी मागे नेली, पण नेमका तो पिवळा काही येईना.

दुसऱ्या दिवशी दहाला मी पडदा काढून ठेवला. अकराला बेल वाजली. दारात काका, एका हातात फोन, काखेत चित्र.

"बघा. तिचाच पिवळा आलाय ना?"

मी दोन्हीकडे नीट पाहिलं. "तोच आहे, काका."

काका मान हलवून जिना उतरले. पुरावा मागितला नाही.